दरबारातला चौथा पॉइंट

माझ्या हातून झालेल्या गाढवपणाची जी हकीकत सध्या नेकनूरच्या चहाच्या टपऱ्यांवर सांगितली जाते, ती खोटी आहे. खरी त्याहून वाईट आहे. बसा, कप भरून घ्या, सांगतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. सहावीत मला डेहराडूनच्या वसतिगृहात टाकलं, पुढे बंगळुरूला मानसशास्त्र शिकलो, समुपदेशनात पदवी घेतली आणि गेल्या वर्षी गावी परत आलो. का आलो? समाज बदलायला. हसू नका. तेव्हा मला खरंच असं वाटत होतं की, बीड जिल्ह्यात पाण्यापाठोपाठ टंचाई कशाची असेल तर ती ऐकून घेणाऱ्या माणसाची. आणि तो माणूस मी.

आमच्या भागातली पोरं फौजेत फार. दिवाळीला सुट्टीवर येतात, टपरीवर उभी राहतात, केस बारीक, पाठ ताठ. मी त्यांना गाठून विचारायचो, तिकडे मनाला काही लागलं तर कुणाशी बोलता?

एकानं सांगितलं, "साहेब इंटरव्ह्यू घेतेत की. सुट्टीला निघताना कंपनी कमांडर समोर उभं करतेत."

"काय विचारतात?"

"घर में सब ठीक?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"ठीक है साहब."

"आणि सुट्टीहून परत गेल्यावर?"

"तेच."

"आणि घरी ठीक नसलं तर?"

त्यानं बराच विचार केला. "तरी बी तेच."

आता सांगा, याला समुपदेशन म्हणायचं? टोल नाक्यावर गाडी अडवणारा माणूस यापेक्षा जास्त चौकशी करतो.

आणि हे कमी होतं म्हणून दरबार. म्हणजे मोठे साहेब अधूनमधून सगळ्या जवानांना समोर बसवतात आणि म्हणतात, कुणाची काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा. त्या अडचणीला फौजेत 'पॉइंट' म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण कुणी उभं राहायचं आणि कोणता पॉइंट मांडायचा, हे सुभेदार आदल्या दिवशीच ठरवून ठेवतो. एक जण कॅन्टीनमधल्या साबणाबद्दल विचारणार, दुसरा रेल्वेच्या आरक्षणाबद्दल. साहेब 'नोट किया' म्हणणार. मोकळेपणा संपला, चहा सुरू.

हे मला कुणी सांगितलं? ज्यांनी जन्मभर असे दरबार भरवले त्यांनीच. सुभेदार भगवानराव. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणून मी काका म्हणतो. बाकी सगळं गाव नुसतं सुभेदार म्हणतं. निवृत्त झाल्यापासून मैदानावर भरतीच्या पोरांना पळवतात. सल्ला मागायला कुणीही या, काकांकडे औषध एकच. झोप येत नाही? पळ, येते. बापाशी पटत नाही? पळ, घरी कमी वेळ राहशील. पळून पळून पाय मोडला असं सांगितलं असतं तर बहुधा हळू पळ म्हणाले असते.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं, "काका, तुम्ही जवानांचं कधी ऐकून घ्यायचात का?"

"घ्यायचो की. ऐकल्याबिगर शिव्या कशाच्या देणार?"

त्याच दिवशी मी ठरवलं. गावात सुट्टीवर आलेले जवान, त्यांच्या घरचे, निवृत्त मंडळी, सगळ्यांना एकत्र बोलवायचं आणि अधिकाऱ्यानं आपल्या माणसाचं कसं ऐकावं, हे प्रत्यक्ष करून दाखवायचं. मी कंपनी कमांडरची भूमिका करणार. जवानानं उठून अडचण सांगायची, मी ती हृदयानं ऐकायची. कार्यक्रमाला नाव दिलं 'मनाची कवायत'. आता तुम्ही हसलात तर चालेल.

काका लगेच तयार झाले. "घेऊ की दरबार."

"दरबार नाही काका. संवाद."

"तेच ते. खुर्च्या तुझ्या, माणसं माझी."

आदल्या दिवशी मंगल कार्यालयात खुर्च्या मांडत होतो तेव्हा काका आले. म्हणाले, "त्या वस्तीवरल्या बालाजीचं सांगून ठेवतो तुला. त्याच्या कंपनी कमांडरचा मला फोन आलता. पोराच्या घरी—"

मी त्यांना तिथंच थांबवलं. हात वर करून थांबवलं, वाहतूक पोलिसासारखं. "नको काका. कुणाबद्दल काही सांगू नका. समुपदेशकानं कोऱ्या मनानं बसायचं असतं."

"कोऱ्या?"

"पूर्ण कोऱ्या."

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ते तर हायेच," म्हणाले.

मग जाता जाता म्हणाले, "तीन पॉइंट देऊन ठेवलेत पोरांना. काळजी करू नको."

मी इतका चिडलो की, विचारू नका. म्हणजे माझ्या कार्यक्रमातही तेच? पाठ केलेली दुःखं? मी मनाशी ठरवलं, जो कुणी पाठ केलेलं बोलेल त्याला भर सभेत उघडा पाडायचा. बघा, ज्याला सगळ्यांचं हृदयानं ऐकायचं होतं, तो माणूस दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये शिरला तो असा शिकाऱ्यासारखा.

गर्दी चांगली होती. काकांनी आणली होती, हे सांगायला नकोच. बाया, म्हातारी माणसं, बीडहून आलेले काही पाहुणे. स्पीकर सलीमचा. सलीम पाचवीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा, आता त्याचा मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. मी गावाबाहेर राहिलो त्या काळात कुणाचं लग्न झालं, कुणाची सून कुठली, हे सगळं सलीमला पाठ, कारण प्रत्येक लग्नात मंडप त्याचाच. मला यातलं काही माहीत नव्हतं आणि मला वाटायचं की, त्यानं काही बिघडत नाही.

पहिला जवान उठला. साबण. दुसरा उठला. आरक्षण. तिसरा म्हणाला, लंगरच्या जेवणात बटाटा फार असतो. प्रत्येक वेळी पहिल्या रांगेतून काका जोरात म्हणाले, "नोट किया."

मी माइक तोंडाजवळ घेतला. "मित्रांनो, हे तिन्ही पॉइंट घोकून घेतलेले आहेत. मला माहीत आहे. अशी फसवणूक तुम्ही तिकडे साहेबांची करा. इथे मला खरा माणूस हवा आहे. आहे का कुणी?"

काकांनी मान मागे वळवली आणि नुसते डोळे मोठे केले. मागच्या रांगेतून एक जण उठला. मला वाटलं, म्हाताऱ्याचं गणित चुकलं, तीन म्हणाले आणि चार पोरं तयार केली.

तो उभा राहिला ते सावधानमध्ये. मुठी पँटच्या शिवणीला चिकटलेल्या, नजर माझ्या डोक्यावरच्या पंख्यावर.

"श्रीमान, नायक बालाजी. पॉइंट फॅमिलीबाबत. पलटण पीस स्टेशनला आलीय. क्वार्टर मिळाला हाय. फॅमिली यायला तयार हुती, आई पाठवत न्हाई. फॅमिली रुसून पावसाळ्यापासून माहेरी हाय, बीडला. फोन उचलत न्हाई. परवा सुट्टी संपती. फॅमिली न्हाई नेली तर क्वार्टर दुसऱ्याला देतेत. मग परत कवा मिळंल ठाव न्हाई. पॉइंट खतम, श्रीमान."

फौजेत बायकोला फॅमिली म्हणतात आणि जिथे तिला सोबत ठेवता येतं त्या ठाण्याला पीस स्टेशन. एवढं मला कळलं. बाकी काही कळलं नाही; काल काकांनी घेतलेलं नावही आठवलं नाही, इतकं मन कोरं.

"वा," मी म्हणालो. "छान पाठ झालंय. किती वेळा म्हणून घेतलं रे काकांनी?"

कुणीतरी खोकलं. बालाजीची नजर पंख्यावरून किंचित खाली आली. "श्रीमान?"

"अरे, भावना कुठे आहे? ज्याची बायको फोन उचलत नाही तो माणूस असा बसस्टँडवरच्या घोषणेसारखा बोलतो का? नेकनूर-बीड गाडी फलाटाला लागली आहे?"

"आमाला असंच बोलायला शिकवलंय, श्रीमान."

"म्हणूनच तर मी आलोय," मी म्हणालो आणि सभेकडे बघून हसलो. सभा हसली नाही. सभेला विनोद कळत नाही असं मी मनात नोंदवलं.

आता मला सांगा, इथे शहाणा माणूस थांबला असता की नाही? माझ्याकडे मात्र योजना होती. मी म्हणालो, "प्रसंग रंगवायचा तर पूर्ण रंगवू. याच्या बायकोची भूमिका कोण करेल? बायांमधून कुणीतरी या."

सगळ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, लाज. ग्रामीण भागातल्या स्त्रियांचा संकोच, यावर मी बंगळुरूला एक निबंधही लिहिला होता. "अहो, घाबरू नका. खोटं खोटंच आहे."

तिकडे सलीम स्पीकरजवळून मला खुणा करत होता. स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवत होता. मी समजलो, आवाज कापला जातोय. मी त्याला अंगठा दाखवला आणि आणखी जोरात बोलायला लागलो.

शेवटी दारापाशी उभी असलेली एक बाई पुढे आली. तिशीच्या आतली, खांद्याला पर्स, चेहरा अगदी शांत.

"छान. ताई, नाव काय?"

"सारिका."

"आणि या पात्राचं नाव काय ठेवायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "सारिका."

"तेच ठेवता? ठेवा. तुम्हाला सोपं जाईल."

ती बालाजीसमोर जाऊन उभी राहिली. तो परत पंख्याकडे बघायला लागला. मी दोघांभोवती फेरी मारली. "ताई, तुम्ही चिडलेल्या आहात."

"हाय ना."

"पण दिसत नाही. तुम्ही फार थंड वाटता."

"मी थंड?"

"थोड्या. जरा आतून येऊ द्या."

मग आतून आलं.

"फोन उचलत न्हाई म्हणता. उचलल्यावर काय बोलता तुमी? जेवलीस का. आन् मग म्हणता, आईला दे. मी माहेरी बसलेय, तुमची आई कुठून देऊ?"

बालाजी खाली बघून म्हणाला, "सवय हाय."

"सवय हाय. क्वार्टर मिळाला ते मला कुणी सांगितलं? सुभेदारांच्या बायकोनं. तुमी का न्हाई सांगितलं?"

"आई न्हाई म्हणली, मग सांगून काय—"

"म्हणजे मला इचारायचं बी न्हाई?"

मी अवाक झालो होतो. काय ते शब्द, काय ती नजर. हिला पुण्याला नाटकात पाठवली पाहिजे, असं मी मनात म्हणत होतो, तोच खुर्च्यांमधून एक म्हातारी उठली. कौसाबाई. नाव मला नंतर कळलं.

"आन् म्या एकलीनं काय करायचं त्या घरात?" ती म्हणाली. "भिंतीसंग बोलायचं?"

"वा मावशी, अप्रतिम," मी माइकमध्ये म्हणालो. "सासू कोण करणार याचीच मला चिंता होती. पुढे या, पुढे या."

"सासू कोण करणार?" तिनं शेजारणीला विचारलं. शेजारणीनं पदर तोंडावर घेतला. पहिल्या रांगेत काकांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. मला वाटलं, भरून आलंय. मी धन्य झालो. आयुष्यभर माणसांना पळायला लावणारा माणूस माझ्या कार्यक्रमात रडतोय.

सारिका कौसाबाईकडे वळली. आवाज एकदम उतरला. "आत्याबाई, तुमाला सोडून जाते असं मी कवा म्हणलं? तिथं दोन खोल्या हायेत म्हणं. तुमी बी चला की."

"मला कोण इचारलंय?" कौसाबाई म्हणाली. ती भांडणाच्या आवाजात म्हणाली, पण डोळ्यांत दुसरंच काही होतं.

सगळा हॉल बालाजीकडे बघायला लागला. आणि पहिल्यांदाच त्याच्या मुठी शिवणीवरून सुटल्या. एक हात आईकडे, एक बायकोकडे, असा तो अर्धवट वळला, ओठ हलले.

"आई, मी—"

"थांबा, थांबा, थांबा," मी म्हणालो.

हो. मीच म्हणालो.

"इथे चुकतंय. ताई, तुम्ही फार लवकर नरम पडलात. खरी बायको असती तर सासूला इतक्या सहज चला म्हणाली असती का? आणि मावशी, खरी सासू अशी विरघळत नसते. शिवाय अजून कंपनी कमांडर आलेलाच नाही, ती भूमिका माझी आहे. आपण पुन्हा पहिल्यापासून घेऊ. ताई, परत चिडा."

मग सलीम स्पीकर सोडून माझ्यापर्यंत चालत आला आणि माझ्या कानाला लागला. दुर्दैवानं माइक माझ्या हातात, कानाच्या शेजारीच होता.

"अबे येड्या, ती खरीच बायको हाय त्याची. आन् ती खरीच आई."

मंगल कार्यालयाच्या चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. कुणालाही धक्का बसला नाही. सगळ्यांना ते ठाऊकच होतं. बातमी फक्त मला होती.

अशा वेळी माणसानं काय करावं? हात जोडावेत, माफी मागावी, माइक सलीमला द्यावा. पण मध्ये पदवी आली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "उत्तम. म्हणजे आता आपण थेट प्रत्यक्ष सत्राला सुरुवात करू शकतो."

सारिकानं पर्स खांद्यावर नीट केली. नवऱ्याला विचारलं, "ह्यो मानूस कोण हाय?"

"समुपदेशक," बालाजी म्हणाला.

"तुमच्या पलटणीत बी असतेत का असले?"

"न्हाई. तिथं साहेब असतो. दोन मिनिटांत सोडून देतो."

"मग तिकडंच चला." आणि सासूचा दंड धरून म्हणाली, "आत्याबाई, उठा. ह्यानं परत तोंड उघडायच्या आत निघू."

कौसाबाई चपला शोधत म्हणाली, "काहून बोलतंय ते एवढं? घरी कुणी न्हाई का त्याला?"

तिघं बाहेर पडली. मी माइकची वायर पुरेल तिथपर्यंत मागे गेलो. "अहो, सत्र अपूर्ण आहे. मध्येच सोडणं मनासाठी चांगलं नसतं." बालाजी शिस्तीचा जवान. तो दारात वळला, टाचा जुळवल्या, "जय हिंद, श्रीमान" म्हणाला आणि रिक्षात बसला. रिक्षात तिघंही एकाच सीटवर, आणि तिघंही एकाच वेळी बोलत होती. विषय अर्थातच मी.

हॉल रिकामा झाल्यावर काका माझ्याशेजारी येऊन बसले. मग सगळं उलगडलं. बालाजी काकांच्याच जुन्या पलटणीतला, म्हणून कंपनी कमांडरनं त्यांना फोन करून सांगितलं होतं, की पोरगं क्वार्टरचं नाव काढलं की 'ठीक है साहब' म्हणतं आणि रात्रभर जागं राहतं, जरा बघा. काकांनी सारिकाच्या वडिलांना गाठलं, तिला काही न सांगता कार्यक्रमाला आणायला लावलं, आणि बालाजीला उठायचा हुकूम दिला.

"त्ये पोरगं एकट्यात तोंड उघडत न्हाई. हुकूम झाला तर उघडतंय," काका म्हणाले. "तिनं एकदा त्याच्या तोंडून ऐकलं असतं तर बास झालं असतं."

मी अजूनही मान्य करत नाही. तुम्हीच सांगा, एका बाईला फसवून आणायचं, भर गावात तिच्या संसाराचा पॉइंट मांडायचा, हे काय माणसाचं ऐकून घेणं झालं? मी हे सगळं काकांना सुनावलं. संमती, खाजगीपणा, प्रतिष्ठा, एकेक शब्द मोजून. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "तू मात्र तिचं खाजगी लई जपलंस."

उत्तर द्यायला माझा हात माइककडे गेला. पण माइक सलीमनं स्पीकरबरोबर काढून नेला होता.

तिसऱ्या दिवशी ती तिघं गेली. कौसाबाईसुद्धा. लोखंडी पेटी, पापडांचा डबा, सगळं घेऊन. क्वार्टर मिळाला, दोन खोल्या आहेत, समोर पेरूचं झाड आहे. हे मला काकांनी सांगितलं. बालाजी त्यांना फोन करतो. मला करत नाही.

सुट्टीहून परत गेल्यावर त्याचा इंटरव्ह्यू झाला. साहेबांनी विचारलं, घर में सब ठीक? तो ठीक है साहब म्हणाला. साहेबांना नवल वाटलं, त्यांनी पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला, कसं काय जमलं? मग बालाजीनं त्याच्या पद्धतीनं अहवाल दिला, हात शिवणीला लावून. गावात एक समुपदेशक आहे. तो बोलायला लागला. फॅमिली आणि आई दोघी त्याच्यापासून पळाल्या. पळता पळता एका बाजूला आल्या. पॉइंट खतम.

"साहेब लई हसले म्हणं," काकांनी मला मैदानावर सांगितलं. मी त्यांच्याबरोबर चालत होतो, कारण हल्ली मला झोप येत नव्हती. "म्हणले, त्या मानसाला पलटणीच्या आसपास फिरकू देऊ नका."

मी म्हणालो, "हा त्यांचा दृष्टिकोन झाला."

"पण ज्याची फॅमिली यायला तयार न्हाई, त्याला सुट्टीत एक दिवस नेकनूरला पाठवा, असं बी म्हणले. पुढच्या आठवड्यात दोघं जण येतेत. एक परळीचा, एक पाटोद्याचा. बायकांना घेऊन."

मी थांबलो. खरं सांगतो, छाती भरून आली. सैन्याचा अधिकारी, माझ्याकडे माणसं पाठवतोय. "म्हणजे माझ्याकडे सत्राला? काका, मग मला नीट तयारी करायला हवी. त्यांची पार्श्वभूमी, कुटुंबाचा इतिहास—"

"काही तयारी करू नको," काका म्हणाले. "तू फक्त बोलत राहा."